शनिवार सोडून कुठलाही दिवस

खरं सांगते, मी एनएसएसला (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) नाव दिलं ते ग्रेस मार्कांसाठी. वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240, वर सात दिवसांचा कॅम्प, की सुटलो, असा साधा हिशोब होता माझा. एफवायचे तास झाडं लावण्यात आणि रॅलीत घोषणा देण्यात गेले. एसवायला सरांनी एका संस्थेकडे पाठवलं, ते दादरला पुलाखाली राहणाऱ्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेतात, आणि तिथे मी अडकले ती अडकलेच.

मी राहते डोंबिवलीला. सकाळी सहाच्या आसपासची लोकल, मग माटुंग्याला कॉलेज, दुपारी लायब्ररीत बसून असाइनमेंट (किंवा झोप), 4 ते 6 वर्ग आणि मग दादरहून परत, त्या वेळेला दादरला लेडीज डब्यात चढणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. आई रोज विचारायची, एवढं करून मिळतं काय तुला. मी म्हणायचे मार्क.

लगेच मुलांसमोर बसवत नाहीत बरं का. फॉर्म, ओळख देणारी दोन माणसं, पोलीस व्हेरिफिकेशन, मग एक अख्खा दिवस ट्रेनिंग. त्यात पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलांच्या मदतीचा 1098 नंबर कधी लावायचा, आणि नियम. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, नावं कुठे टाकायची नाहीत, मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गिफ्ट द्यायचं नाही. शेवटचा नियम मला उगाच कडक वाटला होता. दुसऱ्याच आठवड्यात एका चिमुरडीला माझ्या केसातली लाल क्लिप काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी अकरा पोरी हात पुढे करून उभ्या, त्यातल्या दोघींनी तिचे केस ओढून क्लिप तोडली. कोऑर्डिनेटर ताई मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, तू घरी जातेस, ती इथेच राहते. कान धरले मी त्या दिवशी.

माटुंग्याला पुलाखाली छान बाग केलीय, लोक चालायला येतात. आमच्या पुलाखाली जुन्या मोटारी, प्लास्टिकचे ड्रम आणि सतरंजी. मुलं फुलगल्लीतून उरलेली फुलं आणून गजरे करतात आणि शनिवारी सिग्नलला लिंबू-मिरची विकतात, म्हणून शनिवारी वर्गाला कोणी नाही, अमावस्येला तर विचारूच नका. त्यातली ही दोघं भावंडं. खरी नावं लिहीत नाही, त्याला मोठ्या म्हणते आणि क्लिपवाली ती चिंगी. मोठ्याला 7 चा पाढा कोणी न शिकवता येत होता, कारण एका माळेत मिरच्या सात. 2 चा विचारला तर गप्प.

मे महिन्यात एकदा त्यांची आईच म्हणाली, "ताई, शाळंत घालायची व्हती पोरं, तुमी घालता का?" ती माझ्यापेक्षा जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठी असेल, मी तिला ताई म्हणते आणि ती मला. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं दोन दिवसांचं काम.

जून उजाडताच पहिल्या शाळेत गेले तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, जन्माचा दाखला? आधार? नाही म्हटल्यावर, मग ते काढा आणि या. आधार काढायला गेलं की जन्माचा दाखला मागतात, आणि दाखला काढायला तारीख पाहिजे, आणि तारीख कोणालाच माहीत नाही. कागद म्हणून जे काय होतं ते दोन पावसाळ्यांपूर्वी भिजून लगदा झालं. मी दादर स्टेशनच्या पुलावर उभी राहून रडले, लोकांनी धक्के मारले ते वेगळंच.

कोऑर्डिनेटर ताईने मग मला शिक्षण हक्क कायद्याचं एक पान काढून दिलं. 2009 चा कायदा, त्यातलं कलम 14, वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम 4, मूल वयाच्या वर्गात बसवायचं, मागे असेल तर वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. दाखला नसेल तर दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर आईबापाने लिहून दिलं तरी चालतं. एवढं सोपं असून मी रडले कशाला असं झालं. पण लिहून द्यायला तरी तारीख हवीच ना.

मग आम्ही पुलाखाली बसलो, मी, त्यांची आई, आणि फोनवर जुनी कॅलेंडरं. चिंगीचं पटकन निघालं. "गणपतीत झाली की, विसर्जनाला. गाडी कुठली मिळती, चालत गेले परळला." लॉकडाऊन लागला तेव्हा बसायला लागली होती म्हणजे 2019, अनंत चतुर्दशी 12 सप्टेंबर. परळला पालिकेच्या हॉस्पिटलात झाली म्हणजे नोंद असणारच, आणि होती! वॉर्ड ऑफिसात तीन फेऱ्या झाल्यावर सापडली, आईचं नाव बरोबर, मुलीच्या नावाची जागा कोरी. नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत, हे मला तिथल्याच एका काकांनी सांगितलं, फॉर्मही त्यांनीच भरून दिला. 31 डिसेंबरपर्यंत 6 पूर्ण होत होती, पहिलीचं काम झालं.

मोठ्या मात्र सोलापूरकडे पालावर झालेला, नोंद कुठेच नाही. "नोटा बंद झाल्या तवा पोटात व्हता." म्हणजे नोव्हेंबर 2016. पुढे? "शिमगा झाला व्हता. पाडवा व्हायचा व्हता." 2017 ची होळी 12 मार्चला, धुळवड 13 ला, पाडवा 28 ला. पंधरा दिवसांत आणला आम्ही त्याला!

त्याचा दाखला काढायचा तर वर्ष उलटून गेल्यामुळे वरचा आदेश लागतो, ते काम अजून चालूच आहे. शाळेपुरतं आईवडिलांनी लिहून द्यायचं होतं, आणि इथे वडील अडले. सही नाही, अंगठा नाही, काहीच नाही. मी आपली शहाणी, त्यांना धीर द्यायला म्हणाले की काही नसतं हो, माझंपण पोलीस व्हेरिफिकेशन झालंय. पोलीस शब्द ऐकला आणि माणूस उठून जो गेला तो दोन दिवस पुलाखाली फिरकला नाही. पारधी आहेत ते. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 1952 ला उठला, हे आम्हाला सोशियोलॉजीला आहे, मी त्यावर टीप पण लिहिलीय परीक्षेत. त्या माणसाचा बाप सोलापूरच्या सेटलमेंटच्या, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वस्तीच्या, तारेच्या आत जन्मला होता हे मला त्या दोन दिवसांत कळलं. शेवटी आई म्हणाली, मी अंगठा देते, आईचा चालत नाय का? चालतो.

दुसरी शाळा पालिकेची, मराठी माध्यमाची. मुख्याध्यापिका बाईंसमोर मी कलम 14 चं पान ठेवलं आणि घोकलेलं भाषण सुरू केलं, त्यांनी हातानेच थांबवलं. "अगं पट घसरलाय आमचा, तू मुलं आण, कायदा नको सांगू." मोठ्याला तिसरीत घ्यायला तयार झाल्या, रोज शाळा सुटल्यावर तासभर वेगळं बसवते म्हणाल्या. जनरल रजिस्टर उघडलं आणि विचारलं, तारीख काय घालू, एक जून? आमच्या वेळी गुरुजी सरळ एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या आजोबांचा वाढदिवस एक जून, त्यांच्या दोन्ही भावांचा पण एक जून, घरात आम्ही त्यावर हसतो. तिथे मला हसू नाही आलं, मी म्हटलं नाही बाई, मार्च 2017, 13 ते 28 च्या मधली कुठलीही, आम्ही काढलीय.

मग बाईंनी आईलाच विचारलं, तुम्ही सांगा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शनवार नगं. धंद्याचा दिस असतो." मी फोनवर मार्च 2017 काढून बघितलं, 20 तारखेला सोमवार. रजिस्टरात 20 मार्च 2017 पडलं, बाईंनी अक्षरी पण लिहिलं, आणि आईने निळ्या पॅडवर अंगठा दाबला, दोनदा, कारण पहिला नीट उठला नाही.

दप्तर, गणवेश, बूट, वह्या, छत्री, पालिका 27 वस्तू देते, त्यातली छत्री पहिल्याच दिवशी गजऱ्यांच्या टोपलीवर गेली. शनिवारी दोघं अजून गैरहजर असतात, बाईंनी मला दोनदा फोन केला त्यावरून. मीपण काही धुतल्या तांदळासारखी नाही, ऑक्टोबरमध्ये परीक्षा म्हणून तीन आठवडे फिरकले नाही, गेले तेव्हा चिंगी माझ्याशी बोलेना, पाठ करून माळा ओवत बसली. मोठ्याने वही आणून दाखवली, पहिल्या पानावर नाव आणि खाली जन्मतारीख, 20 चा शून्य केवढा मोठा.

मोठ्याची आई मधेच विचारते, ह्या वर्षी वाढदिवस कवा येतो. 2026 ला शुक्रवार आहे. 2027 ला 20 मार्च नेमका शनिवारीच येतोय, मी बघून ठेवलंय, तिला अजून सांगितलं नाही.