दादाची मुंज आणि 'नो डिस्क'

आज दिवसभर नौपाड्यातल्या घरी जुना डीव्हीडी रेकॉर्डर उघडून बसलो होतो. आई दोनदा म्हणाली, "दे ना भंगारवाल्याला." तीच तर गोची आहे. दादाच्या मुंजीची डिस्क तेव्हा फायनलाइज करायची (म्हणजे इतर प्लेअरवर चालावी म्हणून रेकॉर्डिंगनंतर शेवटची नोंद लिहून बंद करायची) राहिली, त्यामुळे दुसरा कुठलाही प्लेअर तिला ओळखच देत नाही.

ट्रे अर्धवट बाहेर येऊन अडकायचा. आतला रबरी बेल्ट सैल पडलेला, तो बदलला (दुकानदाराने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं). तरी 'नो डिस्क'! सीडी मात्र मजेत वाजत होती. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा. म्हटलं, नेमका दुसराच मेला वाटतं. पण डीव्हीडीच्या रेघा फार बारीक, तिला थोडी धूळही पुरते. लेन्सवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवला, रुळांवरचं वाळलेलं ग्रीस पुसून नवं लावलं.

चौथ्या खेपेला डिस्क फिरली. फायनलाइज करायचा धीर नाही झाला. लिहिताना लेझरवर जास्त ताण येतो, अर्ध्यात बंद पडला तर डिस्कही जायची. आधी केबल लावून लॅपटॉपवर उतरवतोय. मातृभोजन चाललंय, गोटा केलेला दादा भोकाड पसरून रडतोय, आणि आई भंगारवाल्याला विसरून टीव्हीसमोर ठाण मांडून बसलीय.