दुसरी पट्टी

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं घेऊन बसलेल्या बायका पार माझ्या फार्मसीच्या पायरीपर्यंत आल्या होत्या. त्यांतून वाट काढत एक तिशीतला मुलगा आला, जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाईडची रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "अशीच आणखी एक द्या."

दहा गोळ्या संपल्या होत्या. कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणे काल दुपारपासून. साध्या जुलाबाला दिवसाला जास्तीत जास्त 8 गोळ्या, म्हणजे 16 मिलिग्रॅम. त्यापुढे मनानंच घेत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कोणासाठी हव्यात?

"आईसाठी. किमो चालू आहे तिची."

त्याच्याकडे फाइल होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, औषध इरिनोटेकॅन. एका पानावर पेनानं लिहिलेलं: पातळ शौच होताच 2 गोळ्या, मग दर 2 तासांनी 1, बारा तास शौच थांबेपर्यंत. म्हणजे मुलाचं काही चुकलेलं नव्हतं. इरिनोटेकॅनचा अंश आतड्यात उतरतो आणि आतलं अस्तर सोलून काढतो. हे जुलाब इतके जोराचे असतात की डॉक्टर नेहमीची मर्यादा ओलांडून गोळी देतात. पण त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती: ताप आला किंवा 24 तासांत थांबलं नाही तर ताबडतोब फोन करा. चोवीस तास होत आले होते. किमोचं सलाइन देऊन नववा दिवस होता, आणि साधारण याच सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात.

"ताप आहे?"

"नाही."

आई बाहेर गाडीत बसल्या होत्या. मी काउंटर मुलीवर सोपवून थर्मामीटर घेऊन गेलो. ओठ कोरडे पडलेले, जीभ टाळ्याला चिकटत होती. लघवी सकाळपासून एकदाच, तीही गडद पिवळी. "माई, थंडी वाजली का कधी?" म्हणून विचारलं, तर सहज म्हणाल्या, "पहाटे वाजली होती. म्हणून क्रोसिन घेतली."

मुलाला हे ठाऊकच नव्हतं. क्रोसिननं दबलेला ताप आता पुन्हा चढत होता: 101.2.

पांढऱ्या पेशी कमी, अंगात ताप आणि जुलाब हे तिन्ही एकत्र आलं की ते घरी सांभाळायचं दुखणं राहत नाही. लोपेरामाईड आतड्याची हालचाल मंदावतं, जंतूंवर त्याचा काही इलाज नाही. पोटात संसर्ग असेल तर आतडं थोपवून धरणं उलट घातक ठरतं. पोट फुगू शकतं, आणि शौच थांबलं म्हणून घरचे निश्चिंत होतात. अशा वेळी मी दुसरी पट्टी देऊच शकत नव्हतो.

माई मात्र ऐकेनात. "उद्या चवथ. देव बसले की जाऊ." त्यांच्या हातात नारळांची पिशवी होती, ती सोडायला तयार नव्हत्या. मला मनापासून वाईट वाटलं, पण एक दिवस थांबणं परवडणारं नव्हतं, आणि मी ते तसंच्या तसं सांगितलं. फाइलवरच्या नंबरावर फोन लावून मोबाईल मुलाच्या हातात दिला. पलीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या बंद, बांबोळीच्या हॉस्पिटलात आताच्या आता आणा. मग पिशवी खाली ठेवली गेली.

गाडीत प्यायला ओआरएस होतं का पाहिलं, तर एका ग्लासात अर्धं पाकीट घोळलेलं. हे मी नेहमी बघतो आणि दर वेळी जीव कळवळतो. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. दाट केलं तर मीठ-साखर जास्त होते आणि जुलाब वाढू शकतात. लिटरच्या बाटलीत नवीन पाकीट घालून दिलं आणि घोटघोट द्यायला सांगितलं.

विसर्जनानंतर मुलगा पुन्हा आला. पांढऱ्या पेशी फारच उतरल्या होत्या. त्याच दुपारी अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू झालं, आता माई घरी आहेत आणि उकड्या तांदळाची पेज खातात. पुढच्या वेळी डॉक्टर औषधाची मात्रा कमी करणार आहेत. त्यानं थर्मामीटर घेतला, ओआरएस घेतलं आणि लोपेरामाईडची एक पट्टीही मागितली. या वेळी मी ती दिली, आणि फाइलवरची तापाची ओळ त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली.