कुडाळ ते लंडन, दोहामार्गे: मोठ्या विमानतळांवरून वाट काढताना

आईला घेऊन कुडाळहून लंडनला धाकट्या भावाकडे जाऊन आलो. मुंबई, दोहा आणि हीथ्रो असे तीन मोठे विमानतळ या वाटेवर लागले. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील अनेक घरांतून सत्तरीच्या आसपासची माणसे आता मुलांकडे परदेशी जातात, आणि त्यांतील कित्येकांना विमानापेक्षा विमानतळाचीच धास्ती अधिक असते, म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे. एवढा मोठा परिसर पूर्ण समजून घेण्याची गरज नसते. कोणत्या टप्प्यानंतर कोणता टप्पा येतो हे पक्के ठाऊक असले आणि त्या वेळी लागणारी एकच पाटी शोधली, तर माणूस चुकत नाही.

पहिली काळजी तारखेची घ्यावी. आखाताकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेची पहाटे ४ची वेळ असेल, तर १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचे असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, गणपतीच्या दिवसांत महामार्गाचा भरवसा नसतो, तेव्हा विमानाच्या आदल्या सकाळी तरी मुंबईत असावे. आम्ही कोकणकन्येने पहाटे ठाण्यात उतरलो, दिवसभर मुलुंडला नातेवाइकांकडे विसावलो आणि रात्री टॅक्सीने निघालो. सामान थोडे असेल आणि वेळ दिवसाची असेल, तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे गाडी बदलून टी-२ (विमानतळाचे टर्मिनल २) स्थानक असाही मार्ग आहे. मात्र मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणूस सोबत असताना घाटकोपरच्या गर्दीत शिरू नये, असे मला वाटते.

टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगू नये. आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि रस्त्याने दोहोंत काही किलोमीटरचे अंतर आहे. आता नवी मुंबईचाही विमानतळ झाला असल्याने तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे.

टर्मिनल २ मध्ये निर्गमन चौथ्या पातळीवर आहे आणि आगमन दुसऱ्या. दारावर पासपोर्ट आणि तिकीट दाखवून आत गेल्यावर प्रथम फलकावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा. त्यापुढे चेक-इनच्या रांगेचे अक्षर असते. सामान देताना त्याला लावलेल्या पट्टीवर अखेरच्या मुक्कामाचे नाव आहे ना, हे तेथेच विचारून घ्यावे. आमच्या बॅगा थेट लंडनपर्यंत गेल्या आणि दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच मिळाले. त्यानंतर इमिग्रेशन म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, मग सुरक्षा तपासणी आणि शेवटी गेट. या विमानतळावर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, म्हणून कानांवर न विसंबता फलकाकडे लक्ष ठेवावे.

सामानाबाबत आपल्याकडच्या मंडळींना आवर्जून सांगावेसे वाटते की सुके खोबरे नेऊ नये. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरले जाते. कोकमाचे आगळ आणि लोणचे चेक-इनच्या बॅगेत, घट्ट बांधून ठेवावे. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच हवी.

दोहाचा हमद विमानतळ पाहून आई प्रथम बावरली. “आजून किती चालूचा आसा, झिला?” असे तिने दोनदा विचारले. विमानातून उतरल्यावर बाहेर पडण्याची पाटी सोडून ‘ट्रान्स्फर’ची पाटी धरावी. पुन्हा सुरक्षा तपासणी होते, तेव्हा पाण्याची बाटली आधीच रिकामी करावी. पुढे सुमारे ७ मीटर उंचीचे पिवळे अस्वल दिसते, आणि तीच सर्वांत सोयीची खूण आहे, कारण गेटकडे जाणाऱ्या वाटा तेथून फुटतात. गेटच्या क्रमांकाआधीचे अक्षर पाहावे. ए आणि बी ही गेट दोन बाजूंना, सी सरळ पुढे, तर डी आणि ई सर्वांत दूर असून तिकडे जाण्यासाठी इमारतीच्या आतच छोटी रेल्वे धावते. कतारचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. मनगटावरचे घड्याळ उतरताच लावून घ्यावे. सोबतची माणसे चुकलीच, तर अस्वलापाशी भेटायचे, असे आम्ही आधी ठरवले होते.

चालवत नसेल त्यांनी व्हीलचेअर मागण्यात संकोच करू नये. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. परतीच्या प्रवासात आईसाठी आम्ही ती घेतली, आणि मदतनीसच प्रत्येक रांगेतून नेत असल्याने एकट्याने जाणाऱ्या वयस्कर व्यक्तीला यापरता दुसरा आधार नाही.

हीथ्रोला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कोणाकडे राहणार आणि किती दिवस, एवढेच विचारले. भावाचा पत्ता, फोन क्रमांक आणि परतीचे तिकीट कागदावर छापून आईच्या स्वतःच्या पिशवीत ठेवले होते. तेथे २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल आहेत, म्हणून घ्यायला येणाऱ्याला विमानाचा क्रमांक निघण्यापूर्वीच कळवावा.