पानांचं ओतकाम: आमची वाटचाल

कुडाळच्या आसपास पावसाळ्यात पानांना तोटा नसतो. खऱ्या पानावर सिमेंट थापून त्याची छाप घ्यायची आणि बागेसाठी सिमेंटची पानं, म्हणजे पक्ष्यांच्या पाण्याची भांडी आणि भिंतीवर लावायची पानं, घडवायची हे आमचं काम अळूपासून सुरू झालं आणि आजही निम्म्याहून अधिक माल अळूचा आणि रानअळूचाच निघतो. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसंच सिमेंटही धरत नाही. तेल, ग्रीस काही लावावं लागत नाही. कालवलेला सिमेंट-वाळूचा माल घट्ट झाला की पान उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सोलून निघतं. खाज सुटते हे खरं, पण सिमेंटसाठी रबरी हातमोजे घालावेच लागतात, त्यातच ते भागतं.

साग दिसायला देखणा, पण त्याच्या मागच्या बाजूची लव सिमेंटमध्ये रुतून बसते आणि कोवळ्या पानाचा लाल रस डाग पाडतो. म्हणून सागाची निबर पानंच घेतो. केळीचं पान छाप चांगली देतं, पण चिकाचा तपकिरी डाग जात नाही. ते रंगवायच्या मालासाठीच. देशी बदाम लहान भिंतीवरच्या पानांना उत्तम.

पद्धत बदलत बदलत एका गोष्टीवर येऊन स्थिरावली: छाप पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये पडते, ताकद मागच्या थरात असते, आणि दोन्हीसाठी एकच माल कालवला तर धड एकही मिळत नाही. जाडसर माल शिरांमध्ये शिरत नाही, पातळ माल वाळताना तडकतो.

टेबलावर ओलसर वाळूचा ढीग दाबून बसवायचा. भांड्याला खोली किती हवी त्यावर ढिगाची उंची. वर पातळ प्लास्टिक, नाहीतर वाळू मालातलं पाणी ओढून घेते. त्यावर पान पालथं, म्हणजे शिरांची बाजू वर. उठावाची शीर ओतकामात खोबणी होऊन उमटते आणि उलटल्यावर पानाची सुलटी बाजू दिसते. अळूचा देठ कडेला नसतो, पानाच्या पोटाला असतो. तो पात्याशी अगदी सपाट कापायचा. सेंटिमीटरभर खुंट राहिला तरी तिथे अर्ध्या जाडीपर्यंत भोक पडतं आणि पक्ष्यांचं पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. फाटलेल्या जागी खालून दुसऱ्या पानाचा तुकडा सरकवायचा. पानाची घडी मात्र राहू द्यायची नाही. पुढे तडा घडीच्या रेघेवरूनच जातो.

पहिला थर: एक भाग सिमेंट, एक भाग 600 मायक्रॉनच्या चाळणीतली वाळू, थापीवरून सावकाश ओघळेल इतका पातळ. ब्रशने मधल्या शिरेकडून कडेकडे लावायचा. हा सुकायच्या आत मागचा थर चढला पाहिजे, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रा सुटतो. मागच्या थराला 1 किलो सिमेंट, अडीच किलो वाळू (2.36 मिलिमीटरची चाळणी), पाणी 450 मिलिलिटर. त्यातले 100 मिलिलिटर आम्ही पाण्याऐवजी एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं रबराचं दुधट द्रव) घालतो. शिवाय 50 किलोच्या पोत्याला 125 ग्रॅम या हिशेबाने 12 मिलिमीटरचे पॉलिप्रॉपिलीन तंतू. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा आणि बोटांतून पाणी गळू नये. एवढ्यात साधारण 45 बाय 35 सेंटिमीटरचं एक पान होतं.

मध्ये जाडी 18 ते 20 मिलिमीटर, कडेला 8 ते 10. पानाच्या कडेच्या पाच मिलिमीटर आत थांबून कड गोल करायची. नवा कारागीर हौसेने कड पात्याइतकी पातळ काढतो. ती आधी वाळते आणि पहिल्याच हाताळणीत झडते. दोन फुटांच्या पुढच्या पानाला दोन थरांमध्ये काचतंतूची जाळी घालतो. कोंबडी जाळी स्वस्त पडते, पण एवढ्या कमी जाडीत तिच्यावर पुरेसं सिमेंट बसत नाही आणि ती गंजून डाग वर येतो. भिंतीवरच्या पानाला स्टेनलेस तारेचा फास देठाजवळच्या जाड भागात गाडायचा.

वाळूबाबत आमचा हट्ट आहे. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको; तिच्यातल्या मिठाने लोणा फुटतो, म्हणजे पांढरे खारे डाग वर येतात. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरतो. न धुतलेलीत भुकटी फार असते, ती पाणी मागते आणि जास्तीचं पाणी म्हणजे मधल्या शिरेला आडवे तडे.

पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलंड सिमेंट) असेल तर पावसाळी हवेत 48 तासांआधी उलटत नाही, ओपीसीला (साधं पोर्टलंड सिमेंट) 24 पुरतात. पान सोलताना शिरांत तुकडे अडकले तर ते तसेच वाळू द्यायचे आणि चार दिवसांनी नायलॉनच्या ब्रशने काढायचे. तारेचा ब्रश कोवळ्या सिमेंटवरच्या बारीक शिराच पुसून टाकतो. कडा कानशीने घासायच्या, तोंडाला मास्क बांधून, कारण वाळूची धूळ फुप्फुसाला वाईट. मग ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस. आयएस 456 या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकात ओपीसीला किमान सात आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस ओल सांगितली आहे. पीपीसी मिश्रात मोडतं, त्यात आम्ही काटछाट करत नाही.

पक्ष्यांच्या भांड्याला पुढे आणखी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवतो आणि पाणी रोज बदलतो. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, ते पाणी पक्ष्यांना चालत नाही. खोली मध्ये पाच सेंटिमीटरच्या आत. गिऱ्हाइकाला एवढंच बजावतो की दोन दिवसांआड जुनं पाणी ओतून टाकून भांडं घासा, डास होणार नाहीत.

या धंद्याचं वर्षच पावसावर बेतलेलं आहे. जुलै ते सप्टेंबर ओतकाम: पानं भरपूर, हवा ओली, माल हळूहळू घट्ट होतो. रंगकाम मात्र तेव्हा जमत नाही. ओल आत कोंडली की सीलर (वरून लावायचा संरक्षक लेप) पांढुरका पडतो. म्हणून रंग दिवाळीनंतर. मालातच घालायचा असेल तर लोहाचे ऑक्साइड रंग, सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. हिरव्याला क्रोम ऑक्साइड, तो उन्हात उडत नाही. मागणी हिरव्याला जास्त आहे. आमचं मत विचाराल तर न रंगवलेलं पान जांभ्याच्या गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) सावलीत ठेवावं, दोन पावसाळ्यांत शेवाळ आपोआप धरतं. उन्हाळ्यात ताजी पानं नसतात, तेव्हा निवडक पानांचे सिलिकॉन साचे काढून लहान माल करतो. तो एकसारखा निघतो, म्हणून त्याचा दर वेगळा आणि कमी.

मुंबई-पुण्याचा माल पेंढ्यात बांधून खोक्यात उभा ठेवतो. आडवी रचलेली पानं वरच्यांच्या भाराने मधोमध मोडतात. उभी ठेवली तर फार तर कडेचा टवका जातो, आणि तो सिमेंट-एसबीआरच्या लुकणाने बुजवता येतो. लुकणाची छोटी पुडी खोक्यातच घालतो.