नाशिक ते इम्जिनगाक: कोरियाच्या सीमेवरचा एक दिवस

सोलपासून उत्तर कोरियाची सीमा जेमतेम पन्नास किलोमीटर. नाशिकहून इगतपुरीच्या थोडं पुढे जावं एवढंच. २७ जुलै १९५३ ला सीमेवरच्या पानमुनजोममध्ये कोरियन युद्धाची शस्त्रसंधी झाली, शांतता करार मात्र आजवर झालेला नाही. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा (डीएमझेड) आहे. ‘डीएमझेड टूर’ त्याच्या कडेकडेने फिरवते.

नाशिककरांनी व्हिसाचा अर्ज मुंबईतून करायचा. आयकर विवरणं आणि बँक स्टेटमेंट आधी जमवा आणि तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. सहलीच्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ हवाच, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये राहिला तर युनिफिकेशन पुलावरून पुढे जाता येत नाही, कारण तिथे सैनिक बसमध्ये चढून एकेकाचा पासपोर्ट पाहतो. सोमवारी आणि सणांच्या सुट्टीत सहल बंद असते, त्यामुळे मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस धरा.

स्वतः जायचं तर ग्योंगुई-जुंगआंग लाइनने मुन्सान आणि तिथून सीमेलगतचं इम्जिनगाक उद्यान. डीएमझेडच्या बसची तिकिटं तिथेच मिळतात, पण त्याच दिवशीची आणि येईल त्याला, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. शनिवार-रविवारी उशीर झाला की तिकिटं संपलेली असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सोलहून अर्ध्या दिवसाची सहल घेतलेली बरी. रस्ता शोधायला नेव्हर मॅप वापरा, गुगल मॅप्स तिथे चालण्याचा रस्ता नीट दाखवत नाही.

बहुतेक गट इम्जिनगाकला वीस मिनिटं देऊन उत्तरेने हल्ल्यासाठी सीमेखालून खणलेल्या बोगद्याकडे पळतात. आमच्या मते हे उलट व्हायला हवं. इथे मांगबेदान नावाची दगडी वेदी आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी उत्तरेत राहिल्या ती माणसं नववर्षाला आणि चुसोक या सुगीच्या सणाला इथे फळं मांडून उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करतात. रामकुंडावर पितरांचं करणारी माणसं पाहत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सीमेपलीकडे ताटातूट झालेल्या नातलगांच्या भेटीसाठी नाव नोंदवलेले १ लाख ३० हजारांहून अधिक होते, त्यातले बहुसंख्य आता हयात नाहीत. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. शेजारीच गोळ्यांनी चाळण झालेलं वाफेचं इंजिन उभं आहे, आणि कुंपणाच्या तारांना निरोप लिहिलेल्या फिती बांधलेल्या असतात. जुन्यांची शाई उडून गेलेली असते. या जागेला तासभर तरी द्या.

१९७८ मध्ये सापडलेला तिसरा बोगदा १,६३५ मीटर लांब आणि ७३ मीटर खोल आहे. उतार तीव्र असल्याने खरी कसोटी परत चढताना लागते. गुडघे दुखत असतील तर वरच थांबा. आत छत कमी उंच आहे, हेल्मेट काढू नका. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. उत्तरेने हा कोळशाच्या खाणीचा भाग असल्याचं सांगत भिंती काळ्या केल्या, पण खडक ग्रॅनाइटचा आहे, आणि सुरुंगांच्या खुणा दक्षिणेकडे रोखलेल्या आहेत.

डोरा निरीक्षण केंद्रातून दुर्बिणीत उत्तरेतल्या केसोंगचं औद्योगिक क्षेत्र दिसतं. दक्षिणेचे कारखाने आणि उत्तरेचे कामगार असा तो प्रयोग २००४ ला सुरू होऊन २०१६ ला बंद पडला. दोन्ही कोरियांची तिथली संपर्क कचेरी उत्तरेने जून २०२० मध्ये स्फोटाने पाडली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेजवळचे जोडरस्तेही उडवले. धुकं असलं तर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ऑक्टोबर निवडा आणि जुलै-ऑगस्टचा पावसाळा टाळा.

वाटेतला युनिफिकेशन पूल नुसता ओलांडू नका, गाइडला त्याची गोष्ट विचारा. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग मूळ उत्तरेतल्या गावचे, तरुणपणी वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन घरातून पळालेले. १९९८ मध्ये त्यांनी याच पुलावरून दोन खेपांत १,००१ गुरं उत्तरेला नेली.

मराठी माणसाचा इथे आणखी एक धागा आहे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण भारतीय तुकडीने केली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिणेने आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्यांच्या तळाचं नाव हिंद नगर. सहलीत ही माहिती सहसा मिळत नाही, निघण्याआधी वाचून जा.

शाकाहारींनी दशम्या, चिवडा बरोबर ठेवावा. किमचीतही बहुधा मासळीचा सॉस असतो.