आमची वाटचाल आणि ती निळसर राखाडी शेड

रंगकामाचा धंदा आम्ही दोघांनी सुरू केला, मी आणि माझा भागीदार, दोन रोलर, उभं राहून रंगवायचा एक लाकडी घोडा आणि मागून आणलेली शिडी. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचंय ते त्या चार खोल्यांच्या कामाचं. सगळीकडे निळसर राखाडी, मॅट, म्हणजे चकाकी नसलेला. एका बादलीत दोन खोल्या झाल्या आणि हॉलच्या मोठ्या भिंतीच्या मध्यावर रंग संपला, मग तोच शेड नंबर देऊन दुसरी बादली बनवून आणली. ज्यांनी ही शेड मारलीय त्यांना पुढचं कळलंच असेल. यात निळं आणि काळं टिंटर, म्हणजे शेड आणायचा घट्ट रंग, पडतं एवढंसं, त्यात मशीनचा जरा फरक झाला की शेड फाटते, आधीच्याशी जुळत नाही. दिवसा लक्षात आलं नाही, संध्याकाळी दिवे लागले आणि अर्धी भिंत निळी, अर्धी मळकट!

पैसे अडकले, पूर्ण कधीच आले नाहीत. पण जास्त लागलं ते वेगळंच, ज्याच्याशी रोज बोलणं-बसणं होतं त्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने सगळीकडे सांगितलं की हे रंगात पाणी मारतात, आणि आमची ठरलेली तीन कामं त्याने घेतली. पाणी आम्ही डब्यावर लिहिलंय तेवढंच घालतो, तेव्हाही तेवढंच घालायचो. भागीदाराने गाडी विकून पोरांची मजुरी दिली, हे मी विसरणार नाही.

मग एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी बोलावलं, म्हणाल्या "तोच रंग माझ्या बेडरूमला मारा." त्या खोलीत थेट ऊन नाही, तिथे हा रंग थंडगार निळा पडतो. आम्ही दोन बाय दोन फुटाचे पॅच मारले, दोन-दोन हात, एक खिडकीच्या भिंतीवर एक समोरच्या, दोन दिवस सकाळ-रात्र बघितले आणि जरा उबदार राखाडी धरली. सगळे डबे एकाच ड्रममध्ये ओतून ढवळले, गाळून घेतले. भागीदार हातात बल्ब धरून, उजेड भिंतीला आडवा टाकत 220 नंबरच्या सँडपेपरने पुट्टी घासत बसला.

तुम्हीही ओल्या रंगावरून ठरवू नका, सुकल्यावर गडद होतो. आधी दिवे ठरवा, 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात हाच रंग हिरवट-मातकट वाटतो आणि 6500 च्या पांढऱ्या दिव्यात चक्क निळा. पिवळट पांढरं छत किंवा केशरी झाक असलेलं लाकूड शेजारी असेल तर भिंत आणखी निळी दिसणार, हे धरून चाला. आणि टचअपवर भागवायचं नाही हो, पॅच दिसू शकतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारा.

काकूंनी ती खोली आत्तापर्यंत तीनदा रंगवून घेतली, तीच शेड, आमच्याकडूनच. त्या कॉन्ट्रॅक्टरच्या जाहिरातीतही हल्ली निळसर राखाडी बेडरूम असतात. पाण्याचं जे बोलला होता ते मात्र त्याने अजून मागे घेतलेलं नाही.