वेब-थ्रीच्या चिनी कंपनीसाठी हाँगकाँगमध्ये बँक खातं उघडताना: माझा अनुभव

हाँगकाँगमध्ये कंपनी काढणं अवघड नाही, हे आधीच सांगून टाकते. एनएनसी-१ फॉर्म ऑनलाइन भरायचा, नोंदणीचे १,५४५ हाँगकाँग डॉलर आणि व्यवसाय नोंदणीची फी भरायची, माहिती नीट असेल तर दोन्ही दाखले बहुतेकदा तासाभरात येतात. एक संचालक पुरतो, तो कुठल्याही देशाचा चालतो. कंपनी सेक्रेटरी मात्र इथला रहिवासी लागतो आणि पत्ताही इथलाच, पोस्ट बॉक्स नाही. चिनी संस्थापकांच्या वेब-थ्री, म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर) ॲप आणि डिजिटल नाणी चालवणाऱ्या, कंपन्यांची कागदपत्रं तयार करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा भाग डोळे झाकून होतो. गाडी अडते ती बँकेत.

मुळात ही मंडळी घर सोडून इथे का येतात? ४ सप्टेंबर २०१७ ला चीनमधल्या सात सरकारी खात्यांनी मिळून टोकन, म्हणजे स्वतःची डिजिटल नाणी, विकून भांडवल उभारायला बंदी घातली. २४ सप्टेंबर २०२१ च्या दहा खात्यांच्या सूचनेने आभासी चलनाचा सगळाच धंदा बेकायदा ठरवला. परदेशी एक्स्चेंजने (आभासी चलनाच्या बाजाराने) चीनमधल्या ग्राहकांना ऑनलाइन सेवा देणंही त्यात आलं, आणि अशा एक्स्चेंजसाठी चीनमध्ये बसून जाणूनबुजून मार्केटिंग किंवा तांत्रिक काम करणारे कर्मचारीसुद्धा. ब्लॉकचेनवर बंदी नाही. टोकन नसेल तर शांघायमध्ये राहून काम करता येतं. सेवा सुरू झाल्यापासून १० कामकाजी दिवसांत सायबरस्पेस प्रशासनाकडे नोंद करायची, वापरणाऱ्या प्रत्येकाची खऱ्या नावाने ओळख पटवायची, नोंदी किमान ६ महिने जपून ठेवायच्या. म्हणजे वेब-थ्रीतलं 'थ्री' काढून जे उरेल ते खुशाल करा! टोकन हवंच असेल त्याला बाहेर पडावं लागतं.

तर बँक. अर्जात 'व्यवसायाचं स्वरूप' असा रकाना असतो. तिथे 'वेब-थ्री इकोसिस्टम' असलं काही लिहिलं की अर्ज जोखीम विभागाकडे जातो आणि तिथेच पडून राहतो. उलट 'सॉफ्टवेअर सल्ला' एवढंच लिहून वेळ मारून नेणारेही असतात. त्यांचं खातं उघडतं, मग प्रकल्पाचा पैसा सांभाळणाऱ्या केमन बेटांवरच्या फाउंडेशनकडून पहिली मोठी रक्कम येते आणि खातं गोठतं. पुढच्या बँकेत 'पूर्वी कुठे खातं बंद झालं आहे का' या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं, ते वेगळंच. त्यापेक्षा सरळ लिहावं: ही कंपनी कोड लिहिते, अमक्या फाउंडेशनसाठी लिहिते, पैसे डॉलरमध्ये येतात, महिन्याला साधारण इतके, टोकन ही कंपनी काढत नाही आणि ग्राहकांचं टोकन सांभाळतही नाही. नेहमीची रचना अशी असते की टोकन काढणारी कंपनी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर, फाउंडेशन केमनमध्ये आणि कोड लिहिणारी टीम इथल्या कंपनीत. या तिघांमधल्या सेवा करारांच्या सही झालेल्या प्रती आणि वरच्या प्रत्येक कंपनीचे दाखले अर्जासोबतच द्या. नियंत्रकांच्या रजिस्टरमध्ये (कंपनी खरी कुणाच्या हातात आहे याच्या नोंदवहीत) २५ टक्क्यांच्या वरचे मालक दाखवले की कायद्याचं भागतं, पण जोखीम जास्त वाटली तर बँक १० टक्क्यांपर्यंतचे मालक विचारते.

खरा काटा पुढे आहे. संस्थापकाकडे पैसा आला कुठून? 'बिटकॉइन स्वस्त होते तेव्हा घेतले' हे उत्तर खरं असतं, पण सिद्ध करणं महाकठीण, कारण ज्या चिनी एक्स्चेंजवर घेतले तिने २०१७ च्या बंदीनंतर गाशा गुंडाळलेला असतो आणि तिथल्या नोंदी मिळत नाहीत. 'सगळं साखळीवर आहे, बघून घ्या' हे संस्थापकांचं आवडतं वाक्य बँकेत चालत नाही. हॅशवरून (साखळीवरच्या व्यवहाराच्या क्रमांकावरून) नाणं कुठून कुठे गेलं ते कळतं, माणूस कोण ते कळत नाही. म्हणून तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. नाणी घेताना युआन ज्या खात्यातून गेले त्याचा त्या वर्षाचा उतारा. अलीकडचा उतारा चिनी बँकेच्या ॲपमधून शिक्क्यासह पीडीएफमध्ये मिळतो, जुन्यासाठी बहुतेकदा ओळखपत्र घेऊन स्वतः शाखेत जावं लागतं. दुसरं, वॉलेट (नाणी ठेवायचं डिजिटल पाकीट) त्याचंच असल्याचा पुरावा: बँकेने दिलेला मजकूर त्या वॉलेटच्या गुप्त डिजिटल किल्लीने सही करून द्यायचा किंवा सांगितलेली चिल्लर रक्कम फिरवून दाखवायची. तिसरं, ही नाणी मिक्सरमधून (नाण्यांचा माग पुसणाऱ्या सेवेतून) किंवा निर्बंध असलेल्या वॉलेटमधून आलेली नाहीत असा साखळी-विश्लेषण कंपनीचा अहवाल.

एवढं सगळं दिल्यावर एका बँकेने (नाव घेत नाही) काय धरून ठेवावं? संस्थापकाच्या घरच्या पत्त्याचा पुरावा! तो तीन महिन्यांच्या आतला हवा. चीनमध्ये वीजबिल वडिलांच्या नाहीतर घरमालकाच्या नावावर, भरणा फोनवरून, कागद हातात येतच नाही. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट दिलं, तर इंग्रजीत प्रमाणित भाषांतर हवं. ते होईपर्यंत जोखीम विभागाने विश्लेषणाचा ताजा अहवाल मागितला, आणि तो येईस्तोवर पत्त्याचा पुरावा शिळा. एक कागद येतो तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली. फोन केला की 'केस रिव्ह्यूमध्ये आहे'. म्हणून पत्त्याचा पुरावा कायम सगळ्यात शेवटी काढावा, बाकी फाइल पूर्ण झाल्यावर. आणि नावाचं स्पेलिंग अर्जाआधी तपासावं. ल्यू आडनावाच्या माणसाच्या नव्या पासपोर्टवर 'एल-वाय-यू' असतं आणि जुन्या कागदांवर 'एल-व्ही'. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा दाखला नसेल तर मशीनच अर्ज परत पाठवतं.

नकार आला तर तो एका ओळीचा असतो, कारण नाही. कारण लेखी मागा. हाँगकाँग मॉनेटरी अथॉरिटीने (बँकांच्या इथल्या नियामकाने) २७ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात बँकांना अशा कंपन्यांना सरसकट नाकारू नका असं बजावलं आहे, त्याचा उल्लेख पत्रात करा. पूर्ण खातं मिळत नसेल तर 'सिम्पल बँक अकाउंट' मागा. सेवा मर्यादित, पण कागदही कमी, आणि भाडं-पगार सुटतात.

आता आठवलं म्हणून इथेच लिहिते: परिपत्रक क्रमांक ३७. चीनच्या परकीय चलन प्रशासनाचं २०१४ चं. परदेशात कंपनी काढून तिथे उभारलेला पैसा चीनमधल्या उपकंपनीत आणायचा असेल, तर संस्थापकाने बाहेरच्या कंपनीत पैसा टाकण्याआधी ही नोंद करायची. २०१५ पासून ती चीनमधल्या बँकेतच होते. मागाहून करणं फार जिकिरीचं, आणि नोंद नसेल तर तो पैसा सरळ मार्गाने आत येत नाही. दरवर्षीचा माणशी ५०,००० अमेरिकी डॉलरचा परकीय चलनाचा कोटा या कामासाठी नाहीच. मावशी, काका, मेहुणे यांचे कोटे जोडून भांडवल पाठवलं तर इकडची बँकही विचारते की हे दहा जण कोण.

हांगझोऊत बसलेल्या डेव्हलपरचा पगार यूएसडीटीमध्ये (डॉलरला बांधलेल्या आभासी चलनात) देऊ नका. चिनी कामगार कायद्याला पगार अधिकृत चलनातच हवा, हे एक. दुसरं जास्त महाग पडतं. तो यूएसडीटी अनोळखी माणसाला विकतो, त्या माणसाचे युआन ऑनलाइन फसवणुकीतले निघतात, आणि भलत्याच प्रांतातले पोलीस डेव्हलपरचं बँक कार्ड गोठवतात. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, पुढे वाढवता येतं. पगार उपकंपनीतून युआनमध्येच द्यावा. अशा टीमसाठी पुण्यात बसून काम करणाऱ्यांनीही डॉलरचं इनव्हॉइस करून पैसे बँकेतच घ्यावेत.

'मग सिंगापूरला जातो' हे हमखास ऐकू येतं. तिथे ३० जून २०२५ पासून फक्त परदेशी ग्राहकांना टोकन-सेवा देणाऱ्यालाही परवाना लागतो, भांडवल २,५०,००० सिंगापूर डॉलर, आणि परवाने अगदी क्वचितच देऊ असं नियामकाने आधीच सांगून ठेवलंय. २०२३ मधल्या मनी लाँडरिंगच्या मोठ्या प्रकरणातले आरोपी मूळचे चीनचे होते, त्यामुळे तिथल्या बँकाही चिनी अर्जदाराकडे बारकाईने बघतात.

खातं उघडल्यावर वार्षिक विवरण, एनएआर-१, कंपनीच्या वाढदिवसापासून ४२ दिवसांत भरा. वेळेत १०५ हाँगकाँग डॉलर, उशीर झाला की ८७० पासून पुढे. बँक फेरतपासणीला हेच विवरण रजिस्ट्रीतून काढते आणि त्यातला संचालकाचा पत्रव्यवहाराचा पत्ता आपल्याकडच्या फाइलशी ताडून बघते. तो पत्ता बदलला असेल तर बँकेला आधी कळवा, रजिस्ट्रीत मग बदला.